तीन आणि चार रोटरांचे वॅन्केल इंजिन बांधताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पोर्ट्‌स कारसाठी तीन किंवा चार रोटरांचे इंजिन स्वतः बांधण्याविषयी वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे मुख्यतः माझदाच्या १३बी या दोन रोटरांच्या इंजिनाच्या कुळातील भागांना धरून दिली आहेत, कारण खासगी कार्यशाळांत बांधल्या जाणाऱ्या बहुरोटर इंजिनांपैकी बहुतेकांची मूळ मापे तीच असतात.

१. रोटरी (वॅन्केल) इंजिनात नेमके काय फिरते, आणि एकापेक्षा जास्त रोटर कशासाठी बसवतात?

फेलिक्स वॅन्केल यांच्या कल्पनेवर जर्मनीतील एनएसयू कंपनीने १९५७ मध्ये पहिले चालते इंजिन तयार केले. पुढे गाड्यांमध्ये आलेली सुटसुटीत रचना तिथल्याच हान्स डीटर पाश्के यांची आहे. कंबरेशी किंचित दबलेल्या अंडाकृती हाउसिंगमध्ये (कवचात) फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर फिरतो आणि त्याच्या तीन बाजूंना तीन कक्ष तयार होतात. रोटर एक्सेंट्रिक शाफ्टच्या (रोटरांची शक्ती बाहेर नेणाऱ्या मधल्या दांड्याच्या) एकतृतीयांश वेगाने फिरतो. त्यामुळे शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यात एका रोटरमागे एकदा स्फोट होतो आणि त्याचा जोर शाफ्टच्या सुमारे २७० अंशांपर्यंत टिकतो.

शक्ती वाढवण्यासाठी रोटर मोठा करणे हा सरळ मार्ग वाटतो, परंतु येथील ज्वलनकक्ष मुळातच लांबट आणि चपटा असतो. तो आणखी मोठा केला की ज्योत दूरच्या टोकाला वेळेत पोहोचत नाही. म्हणून रोटरचे माप तेच ठेवून त्यांची संख्या वाढवली जाते.

२. १३बी इंजिन १.३ लिटरचे मानायचे की २.६ लिटरचे?

दोन्ही आकडे बरोबर आहेत; फरक मोजणीचा आहे. एका कक्षाचे आकारमान ३√३ × उत्केंद्रता × रोटरची त्रिज्या × रुंदी या सूत्राने मिळते. १३बीची उत्केंद्रता (शाफ्टच्या मध्यापासून रोटरच्या मध्याचे अंतर) १५ मिलिमीटर, त्रिज्या १०५ मिलिमीटर आणि रुंदी ८० मिलिमीटर असल्यामुळे उत्तर साधारण ६५४ सीसी येते. दोन रोटरांचे १३०८, तिघांचे १९६२ आणि चौघांचे २६१६ सीसी हे आकडे याच हिशेबातून आलेले आहेत. मात्र चार-स्ट्रोक पिस्टन इंजिनाला सर्व सिलिंडरांचे एक आवर्तन पुरे करण्यास शाफ्टचे दोन फेरे लागतात आणि तेवढ्या वेळात प्रत्येक रोटरचे दोन कक्ष काम करून जातात, म्हणून तुलनेसाठी आकडा दुप्पट करणे न्याय्य ठरते. जपानचा वाहनकर १.५ चा गुणक लावतो, तर मोटरस्पर्धांत १.८ चा गुणक रूढ झाला. प्रवेशअर्ज भरण्याआधी त्या स्पर्धेचा गुणक तपासावा, कारण त्यावरून गाडीचा वर्ग ठरतो.

३. तिसरा रोटर जोडायचा म्हणजे एक जास्तीचे हाउसिंग, एक प्लेट आणि लांब बोल्ट एवढेच ना?

सर्वांत जास्त वेळा येणारा हा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर नाही असे आहे. अडचण शाफ्टमध्ये आहे.

प्रत्येक रोटरच्या आत ५१ दात्यांचा अंतर्गत गिअर असतो आणि तो बाजूच्या प्लेटवर पक्क्या बसवलेल्या ३४ दात्यांच्या स्थिर गिअरभोवती फिरतो. दोन रोटरांच्या इंजिनात एक स्थिर गिअर पुढच्या प्लेटवर आणि दुसरा मागच्या प्लेटवर असतो. मधल्या प्लेटवर गिअरही नसतो आणि बेअरिंगही नसते, तेथून शाफ्ट मोकळा आरपार जातो. तिसरा रोटर आला की त्याच्यासाठी एका मधल्या प्लेटवर स्थिर गिअर आणि त्याच्या पोटात मुख्य बेअरिंग बसवावेच लागते, आणि हे बेअरिंग शाफ्टवर सरकवायला वाट उरत नाही.

मापे पाहिली की कारण स्पष्ट होते. दोन गिअरांच्या अर्धव्यासांतला फरक उत्केंद्रतेइतका, म्हणजे १५ मिलिमीटर असला पाहिजे आणि त्यांचे गुणोत्तर ३:२ असले पाहिजे. या दोन अटींमधून स्थिर गिअरचा पिच व्यास (दाते जिथे गुंततात त्या वर्तुळाचा व्यास) ६० मिलिमीटरच ठरतो. त्यातून दात्यांची खोली, गिअरची भिंत आणि बेअरिंगची जाडी वजा केली की शाफ्टच्या मुख्य जर्नलसाठी (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागासाठी) सुमारे ४३ मिलिमीटर उरतात. याउलट रोटर ज्यावर बसतो तो लोब सुमारे ७४ मिलिमीटर व्यासाचा असतो. ७४ चा लोब ४३ च्या छिद्रातून जाणार नाही. म्हणून दोनांपेक्षा अधिक रोटर असतील तर शाफ्ट तुकड्यांत करून जोडावा लागतो.

याच हिशेबाचा दुसरा परिणाम अनेकांच्या लक्षात येत नाही. रोटर वाढले की शाफ्ट लांब होतो, परंतु त्याला जाड करता येत नाही, कारण जाडी उत्केंद्रतेने बांधून टाकलेली आहे. बहुरोटर इंजिनाच्या बहुतेक व्याधी, म्हणजे उच्च वेगावर शाफ्टचे वाकणे, बेअरिंग घासणे आणि स्थिर गिअरचे दाते तुटणे, या एकाच बंधनातून निघतात.

४. तुकड्यांचा शाफ्ट जोडतात कसा? तो सुटत नाही का?

माझदाने १९९० मध्ये युनोस कॉस्मो या गाडीत २०बी हे तीन रोटरांचे इंजिन दिले. मोठ्या संख्येने विकलेल्या मोटारीतले तीन रोटरांचे ते पहिलेच इंजिन होते. त्यात शाफ्टचे दोन भाग निमुळत्या टेपर जोडाने एकमेकांत बसवलेले होते. आज मिळणारे बहुतेक खास शाफ्टही टेपर, दिशा नेमकी ठेवणारी चावी किंवा डाउल (खीळ) आणि घट्ट आवळणारा बोल्ट यांवरच चालतात. नीट बसलेल्या टेपरमध्ये भार घर्षणच वाहते. चावीवर भार येऊ लागला तर जोड आधीच बिघडला आहे असे समजावे.

म्हणून टेपरला मार्किंग ब्लू (स्पर्शाची जागा दाखवणारा निळा रंग) लावून दोन्ही पृष्ठभागांचा स्पर्श तपासल्याशिवाय शाफ्ट स्वीकारू नये. स्पर्श एकाच टोकाला दिसला तर जोड भाराखाली सूक्ष्म हालचाल करतो आणि काही काळाने तेथे तांबूस पूड व खरवडल्याच्या खुणा दिसू लागतात. जोडल्यानंतर शाफ्ट व्ही-ब्लॉकवर ठेवून प्रत्येक मुख्य जर्नलचा रनआउट (फिरताना होणारे डोलणे) डायल गेजने मोजावा. लोबांमधील कोनही मोजून घ्यावा, कारण एखाद्या अंशाची चूक त्या रोटरच्या इग्निशनच्या वेळेत थेट उतरते. माझ्या मते संपूर्ण प्रकल्पात पैसे वाचवू नयेत अशी एकमेव वस्तू हा शाफ्ट आहे; बाकीच्या प्रत्येक भागाला काही ना काही पर्याय सापडतो.

५. लोब एकमेकांशी किती अंशांवर ठेवायचे?

दोन रोटरांत १८०, तिघांत १२० आणि चौघांत ९० अंश ठेवले की स्फोट समान अंतराने होतात. रोटर वर-खाली जात नाही, त्याचा मध्य वर्तुळातच फिरतो. त्यामुळे उरलेला असमतोल पुढच्या आणि मागच्या काउंटरवेटने (तोल साधणाऱ्या वजनाने) पूर्णपणे काढून टाकता येतो, आणि ही सोय पिस्टन इंजिनात सहसा मिळत नाही.

चार रोटरांत मात्र क्रमाचा प्रश्न येतो. पहिला आणि चौथा एका बाजूला व मधले दोन विरुद्ध बाजूला ठेवले तर शाफ्ट काउंटरवेटशिवायही संतुलित राहतो, परंतु स्फोट जोडीने होतात आणि चार रोटर घेतल्याचा अर्धा फायदा निघून जातो. लोब ०, ९०, १८०, २७० असे ओळीने ठेवले तर इंजिन टोकांवर जोराने डुलू पाहते. पहिले दोन परस्परविरुद्ध, पुढचे दोन परस्परविरुद्ध आणि दोन जोड्यांमध्ये ९० अंश अशी मांडणी केली, तर अंतरही समान राहते आणि काउंटरवेटही मर्यादेत बसते. शाफ्टची मागणी नोंदवताना हा क्रम लेखी घ्यावा, कारण काउंटरवेट, फायरिंग ऑर्डर आणि एक्झॉस्टची मांडणी (प्रश्न ११) सर्व त्यावर अवलंबून आहे.

६. तीन रोटर घ्यावेत की चार?

रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी तीन पुरेसे आहेत. एक रोटर वाढला की ८० मिलिमीटरचे हाउसिंग आणि जोडीची लोखंडी प्लेट मिळून इंजिन दहा सेंटिमीटरांहून अधिक लांब होते. माझदाच्या आरएक्स-७ सारख्या गाडीत चार रोटर बसवताना फायरवॉल (इंजिन आणि केबिन यांमधला पडदा) कापणे किंवा रेडिएटर सरकवणे टळत नाही, आणि फायरवॉल कापली की गाडीचा तोल व केबिनची उष्णता हे नवे प्रश्न उभे राहतात. चौथा रोटर तांत्रिक गरजेपेक्षा आवाजासाठीच अधिक वेळा घेतला जातो. ते कारण गैर नाही, परंतु ते स्वतःशी मान्य करून खर्च करावा.

ड्रिफ्टिंगमध्ये न्यूझीलंडच्या ‘मॅड माइक’ व्हिडेट यांनी माझदाच्या छोट्या एमएक्स-५ मध्ये चार रोटरांचे टर्बो इंजिन बसवून दाखवले. तथापि त्या गाडीमागे पूर्णवेळ संघ होता आणि ती रोजच्या वापराची गाडी नव्हती.

७. साइड, ब्रिज आणि पेरिफेरल पोर्टमध्ये निवड कशी करावी?

पोर्ट म्हणजे हवा आत घेण्याचे छिद्र. साइड पोर्ट बाजूच्या प्लेटमध्ये असतो आणि रोटरच्या बाजूने उघडतो-मिटतो. त्याचे आयडलिंग शांत राहते. ब्रिज पोर्टमध्ये त्याच्या शेजारी आणखी एक फट कापली जाते आणि मध्ये राहिलेला अरुंद पूल रोटरच्या कोपऱ्यावरील कॉर्नर सीलला आधार देतो. पेरिफेरल पोर्ट थेट रोटर हाउसिंगमधून आत येतो. तो कधीच पूर्ण मिटत नाही, त्यामुळे उच्च वेगावर हवा भरपूर मिळते आणि कमी वेगावर जळालेला वायू ताज्या मिश्रणात शिरून इंजिन अडखळते. ज्या तुटक आवाजासाठी ही इंजिने ओळखली जातात तो आवाज याच मिसळण्याचा परिणाम आहे.

टर्बो लावायचा असेल तर नेटका साइड पोर्ट पुरतो. टर्बोशिवाय मोठी शक्ती हवी असेल तर पेरिफेरलला पर्याय नाही. माझदाच्या आर२६बी या चार रोटरांच्या स्पर्धा-इंजिनाने ९००० आरपीएमवर सुमारे ७०० अश्वशक्ती दिली, तीही टर्बोविना, आणि त्याचे पोर्ट पेरिफेरलच होते. त्याच्या जोडीला लांबी बदलणाऱ्या इनटेक नळ्या असल्यामुळे मधल्या वेगावरचा खड्डा भरून निघत असे. खासगी बांधणीत हा भाग सहसा गाळला जातो आणि मग गाडी चालवायला अवघड झाल्याची तक्रार येते.

८. एपेक्स सील कोणते घ्यावेत?

एपेक्स सील म्हणजे रोटरच्या तीन टोकांवर बसणाऱ्या पट्ट्या. १३बीच्या जुन्या पिढ्यांत ३ मिलिमीटर जाडीचे आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून २ मिलिमीटरचे सील येतात. जाड सील डेटोनेशनचा (मिश्रणाच्या अनियंत्रित स्फोटाचा) धक्का जास्त सोसतो, परंतु उच्च वेगावर त्याचे वजन हाउसिंगवर अधिक दाबते. आर२६बीमध्ये सिरॅमिक सील होते. ते हलके आणि कमी झिजणारे असतात, पण महाग असतात आणि तुटले तर तुकडे हाउसिंगसह टर्बोचीही वाट लावतात.

टर्बो इंजिनात ठिसूळ सीलपेक्षा लवचीक धातूचा सील घेणे शहाणपणाचे आहे, कारण तो तुटण्याऐवजी वाकतो आणि निदान हाउसिंग वाचते. सीलची निवड कितीही विचारपूर्वक केली तरी डेटोनेशनला ती उत्तर नाही. ते उत्तर प्रश्न १० मध्ये आहे.

९. मूळ हाउसिंग वापरावीत की बिलेटची (घन धातूच्या ठोकळ्यातून कोरलेली) नवी?

मूळ रोटर हाउसिंग ॲल्युमिनियमचे असते, त्याच्या आतील पोलादी पत्र्यावर कठीण क्रोमचा थर असतो, आणि बाजूच्या प्लेट बिडाच्या असतात. क्रोम कडेला उडाला असेल तर ते हाउसिंग टाकून द्यावे. प्लेटचा सपाटपणा ०.०४ मिलिमीटरपेक्षा जास्त बिघडलेला नसावा. साधारण ५०० अश्वशक्तीपर्यंत चांगले मूळ भाग पुरतात. त्यापुढे सगळी चळतच पिळवटू लागते, म्हणून जास्तीचे डाउल आणि जाड स्टड आवश्यक होतात, आणि बिडाच्या प्लेटला तडा जाण्याची भीती असल्यामुळे बिलेट प्लेटचा विचार तेथून सुरू होतो.

लांब इंजिनात उष्णतेचा हिशेबही वेगळा करावा लागतो. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. चार हाउसिंगांचे मिळून ३२० मिलिमीटर ॲल्युमिनियम ८० अंशांनी तापले तर ते शाफ्टच्या तुलनेत सुमारे ०.३ मिलिमीटर लांबते. शाफ्ट मात्र लांबीच्या दिशेने पुढच्या थ्रस्ट बेअरिंगवरच अडवलेला असतो, म्हणून हा सगळा फरक मागच्या रोटरकडे जमा होतो. १३बीत शाफ्टचा एंड प्ले (लांबीच्या दिशेची मोकळीक) ०.०४ ते ०.०७ मिलिमीटर ठेवतात. तो चार रोटरांतही तसाच ठेवावा आणि मागच्या लोबांना व बेअरिंगांना या सरकण्यापुरती रुंदी आहे ना, हे शाफ्ट बनण्याआधी पाहावे.

१०. मागचाच रोटर वारंवार का जातो?

कारणे सहसा दोन असतात. रोटरी इंजिनात स्फोट नेहमी हाउसिंगच्या एकाच बाजूला होतो. ती बाजू कायम तापलेली असते आणि इनटेकची बाजू तुलनेने थंड राहते. मूळ रचनेत पाणी पुढच्या पंपाकडून हाउसिंगांमधून मागे वाहते. दोन रोटरांना हे जमून जाते, चौघांत मात्र मागच्या रोटरपर्यंत पोहोचेस्तोवर पाणी तापलेले असते. त्यामुळे पाण्याचा स्वतंत्र पुरवठा मागच्या बाजूलाही द्यावा.

दुसरे कारण इंधनाचे असते. इनटेक प्लेनम (रोटरांना हवा वाटणारी पेटी) नीट नसेल तर मागच्या रोटरला हवा जास्त मिळते, सर्वांना इंधन सारखेच दिले जाते आणि तेथील मिश्रण पातळ होऊन डेटोनेशन सुरू होते. प्रत्येक रोटरच्या एक्झॉस्टमध्ये स्वतंत्र तापमान-सेन्सर बसवून इंधन रोटरनिहाय जुळवावे. या इंजिनांचा एक्झॉस्ट ९०० अंश सेल्सिअसच्या पुढे सहज जातो, म्हणून एकट्या आकड्याला घाबरू नये. रोटरारोटरांतला फरक पाहावा.

सीलना तेलही लागते. मूळ तेलपंप दोन रोटरांसाठी असल्यामुळे बहुतेक जण पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक तेल मिसळतात. ते पुरेसे आहे, फक्त टाकी भरताना विसरून चालत नाही.

११. ईसीयू (इंजिनाचा नियंत्रक संगणक), इग्निशन आणि टर्बोची मांडणी कशी असते?

प्रत्येक रोटरला लीडिंग (आधी पेटणारा) आणि ट्रेलिंग (नंतर पेटणारा) असे दोन प्लग असतात, त्यामुळे चार रोटरांना आठ कॉइल लागतात. आर२६बीत तर प्रत्येक रोटरला तीन प्लग होते. प्रत्येक रोटरमागे स्फोट शाफ्टच्या दर ३६० अंशांनी होत असल्याने कॅम सेन्सर लागत नाही. हॅल्टेक, लिंक आणि मोटेक यांच्या ईसीयूंमध्ये रोटरीची सोय आहे. टर्बो दोन प्रवाहांचा असेल तर ज्यांच्या स्फोटांत १८० अंशांचे अंतर आहे ते रोटर एका प्रवाहात घ्यावेत.

१२. २०बीचे, आरएक्स-८ चे किंवा नव्या ८सी इंजिनाचे भाग मिसळून चालतात का?

१३बी आणि २०बीची उत्केंद्रता, त्रिज्या व रुंदी सारखी असल्यामुळे अनेक भाग एकमेकांना चालतात. आरएक्स-८ च्या रेनेसिस इंजिनाचे रोटर १०:१ कॉम्प्रेशन गुणोत्तराचे आणि हलके असतात, म्हणून टर्बोविरहित बांधणीत त्यांना मागणी आहे. परंतु त्या इंजिनाचा एक्झॉस्ट साइड प्लेटमधून जात असल्यामुळे सीलची रचना वेगळी आहे, आणि ते जुन्या हाउसिंगमध्ये बसवण्याआधी ती तपासावी लागते.

माझदाच्या जुन्या १२ए इंजिनाचा रोटर ७० मिलिमीटर रुंद आहे, तेव्हा तो १३बीसोबत एका शाफ्टवर बसवण्याचा विचार सोडावा. माझदाच्या एमएक्स-३० या गाडीत २०२३ मध्ये आलेल्या ८सी इंजिनाविषयीही विचारणा होते. त्याची त्रिज्या १२० आणि रुंदी ७६ मिलिमीटर आहे, त्यामुळे १३बीचा एकही रोटर वा हाउसिंग त्याला जुळत नाही.

१३. माझदाच्या १९९१ च्या ले मान्स विजयानंतर रोटरीवर बंदी आली, हे खरे आहे का?

ही दंतकथा आहे. माझदाच्या ५५ क्रमांकाच्या ७८७बी गाडीने १९९१ मध्ये ले मान्सची २४ तासांची शर्यत ३६२ फेऱ्या पूर्ण करून जिंकली. वायडलर, हर्बर्ट आणि गाशो हे तिचे चालक होते. ३.५ लिटरच्या पिस्टन इंजिनांकडे जाण्याचा नियम मात्र त्याआधीच ठरला होता. आणखी एक गोष्ट विसरली जाते. त्या गाडीला ८३० किलो वजनाची मुभा होती, तर तिच्या अनेक प्रतिस्पर्ध्यांना १००० किलो वाहावे लागत होते. इंजिनाची थोरवी यामुळे कमी होत नाही, पण विजयाचे सारे श्रेय आर२६बीला देणे अतिशयोक्तीचे आहे.

१४. बांधलेले इंजिन ठीक आहे हे कसे ओळखावे?

साध्या कॉम्प्रेशन गेजवर तीन कक्षांपैकी फक्त सर्वांत चांगला कक्ष दिसतो, म्हणून तिन्ही ठोके वेगळे दाखवणारा रोटरी टेस्टर वापरावा. रेनेसिससाठी २५० आरपीएमवर किमान ६८० किलोपास्कल, एकाच रोटरच्या कक्षांत जास्तीत जास्त १५० आणि दोन रोटरांत १०० किलोपास्कलचा फरक ही मर्यादा मानतात. नव्या सीलांचे इंजिन सुरुवातीला कमी आकडा दाखवते आणि सील बसल्यावर तो वाढतो. तो वाढतो की नाही यावर लक्ष ठेवावे. तीन ठोक्यांपैकी एकच मेलेला असेल तर बहुधा साइड किंवा कॉर्नर सील अडकलेला असतो, लागून असलेले दोन मेलेले असतील तर त्यांच्यामधला एपेक्स सील गेलेला असतो.

१५. असे इंजिन बसवलेली गाडी महाराष्ट्रात रस्त्यावर चालवता येईल का?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या आणि नोंदणीपत्रात असलेल्या तपशिलांपासून गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. त्याच बनावटीचे आणि त्याच प्रकारचे इंजिन घालायचे असले तरी आरटीओची मान्यता लागते; पिस्टनच्या गाडीत चार रोटरांचे इंजिन त्या चौकटीत बसत नाही. त्यामुळे येथे अशी गाडी केवळ बंदिस्त ट्रॅकसाठी बांधावी आणि ट्रेलरवरून न्यावी. परदेशात राहणाऱ्या वाचकांनी आपल्या देशातील बदलांच्या प्रमाणपत्राचे नियम शाफ्टची मागणी देण्यापूर्वी वाचावेत, कारण काही ठिकाणी मर्यादा इंजिनाच्या आकारमानावर असते आणि तेथे प्रश्न २ मधील गुणकच निर्णायक ठरतो.